कोठ्याच्या टिनांवरचं पाणी

घर बांधायला घेतलं की नकाशा निघतो, ठेकेदार येतो, सळईपासून खिडकीच्या काचेपर्यंत सगळ्याची चर्चा होते. मागच्या आवारातला कोठा किंवा कुटाराचं शेड मात्र चार अँगल, आठ-दहा टिनं आणि वेल्डरचे दोन दिवस एवढ्यावर उभं राहतं. टिनांवरचं पाणी जाणार कुठे, हे तेव्हा कोणी विचारत नाही. ते विचारलं जातं पहिली मोठी सर येऊन ढेपेची पोती खालून ओली झाल्यावर, किंवा दोन-तीन वर्षांनी जोत्याला भेग पडल्यावर. मग कोणी तरी बाजारातून ‘चार इंची पाईप’ आणतो, वळचणीला टांगतो आणि पुढच्या पावसाळ्यात पन्हळ पुन्हा सांडते. आता सहा इंची आणावा का, असा विचार सुरू होतो.

बहुतेक वेळा पाईप लहान पडलेला नसतो. त्याचं तोंड, त्याचा उतार किंवा तो ज्या मातीत पुरला ती माती, यांपैकी कशाने तरी घात केलेला असतो. दारव्हा, लोही, बोरी अरब, लाडखेड या भागात जिथे काळी जमीन खोल आहे तिथे तर मातीचा विचार पाईपच्या आधी करावा लागतो. म्हणून पाईपचं माप कसं काढायचं हे सांगताना मी नुसते इंच सांगणार नाही.

आधी पावसाचं बघू. यवतमाळ जिल्ह्यात वर्षाला साधारण 900 ते 1000 मिलीमीटर पाऊस पडतो. हा आकडा पिकाच्या आणि विहिरीच्या कामाचा, पाईपच्या नाही. चोवीस तासांत मंडळात 65 मिलीमीटरच्या वर पाऊस झाला की महसूल खातं अतिवृष्टी धरतं. तोही पाईपला फारसा उपयोगी नाही, कारण तो दिवसभराचा आकडा आहे. हेच 65 मिलीमीटर चोवीस तास झिमझिम पडले तर तासाला पावणेतीन मिलीमीटरसुद्धा भरत नाहीत आणि दोन इंची पाईपही ते आरामात वाहून नेतो. तेवढाच पाऊस अर्ध्या तासात कोसळला तर वेग होतो तासाला 130 मिलीमीटर. पेपरात आकडा तोच छापून येतो, पण एका वेळी शेड कोरडं असतं आणि दुसऱ्या वेळी पोती भिजलेली असतात.

22 जुलै 2023 रोजी महागाव तालुक्यातल्या आनंदनगरला पुराने वेढा घातला आणि लोकांना बाहेर काढावं लागलं, तो दिवस जिल्हा विसरलेला नाही. नाल्याला तसा पूर यायला तासन्‌तास पाऊस लागतो. वीस बाय तीसच्या शेडची पन्हळ सांडायला दहा मिनिटं पुरतात. पाणी किती लांबून यायचं आहे त्यावर हे ठरतं. सर्वांत दूरचं पाणी शेवटच्या टोकाला पोहोचायला जितका वेळ लागतो, तितक्या वेळातला सर्वांत जोराचा पाऊस हिशेबात धरायचा, हे तत्त्व थॉमस मुल्व्हॅनी या आयरिश अभियंत्याने 1851 मध्ये मांडलं आणि आजही जगभर पावसाळी पाण्याचा हिशेब त्याच वाटेने होतो. नदीसाठी तो वेळ तासांचा असतो, शहरातल्या नाल्यासाठी अर्ध्या-पाऊण तासाचा. टिनावर पडलेला थेंब वळचणीला मिनिटाच्या आत पोहोचतो. म्हणजे आपल्याला सरीतली सर्वांत वाईट पाच-दहा मिनिटं धरणं भाग आहे.

मुंबईचं उदाहरण इथे उलटं वाचलं जाण्याची भीती असते. तिथल्या जुन्या पर्जन्यजल वाहिन्या तासाला 25 मिलीमीटर पाऊस धरून केलेल्या होत्या आणि ब्रिमस्टोवॅड योजनेत तो आकडा 50 वर नेला गेला. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलीमीटर पाऊस पडला तेव्हा या आकड्यांची बरीच चर्चा झाली. मुंबईला 50 चालतात तर दारव्ह्याला 25 पुरे, असं मात्र नाही. शहराच्या नाल्यात कुठे जोर असतो, कुठे नसतो, सगळं मिसळून येतं. तुमच्या टिनांवर सरीचा सगळा जोर एकाच वेळी पडतो, त्याला सांभाळून घेणारं काही नसतं.

राष्ट्रीय इमारत संहितेत छतावरच्या पाण्याच्या पाईपांचा तक्ता आहे आणि त्यात तासाला 50 ते 200 मिलीमीटरपर्यंतचे रकाने आहेत. त्यातला कोणता निवडायचा? माझं मत स्पष्ट आहे. शेड चारही बाजूंनी उघडं असेल, खाली फक्त बैलगाडी नाहीतर लाकडं असतील तर 100 धरा. खाली कापूस, सोयाबीन, तूर, ढेप किंवा मोटरचा स्टार्टर असेल तर 150. दोन शेडांच्या मधोमध पन्हळ असेल, म्हणजे सांडलं तर पाणी थेट आत येणार असेल, तर 200. छतावरच्या पाण्याच्या पुनर्भरणाच्या हिशेबातही पंधरा मिनिटांत 25 मिलीमीटर धरायची पद्धत आहे. म्हणजे तासाला 100 च झाले. आपण साठवणीच्या शेडासाठी त्याच्या दीडपट धरतो आहोत आणि ते जास्त नाही.

विश्वास बसत नसेल तर स्वतः मोजा. सरळ उभ्या भिंतीचा स्टीलचा डबा उघड्यावर, झाडापासून आणि भिंतीपासून दूर ठेवायचा. सरीचा जोर वाढला की घड्याळ लावायचं, दहा मिनिटांनी आतलं पाणी पट्टीने मिलीमीटरमध्ये मोजायचं आणि सहाने गुणायचं. वर पसरट किंवा खाली निमुळता डबा चालणार नाही, आकडा चुकतो. जुलैमध्ये पाच-सहा जोराच्या सरी अशा मोजल्या तरी आपल्या आवारातला पाऊस काय चीज आहे ते कळतं.

आता क्षेत्रफळ. टिनांचा उतार कितीही असो, मोजायचं ते जमिनीवर पडणाऱ्या सावलीचं माप: या पागोळीपासून त्या पागोळीपर्यंत लांबी गुणिले रुंदी. इथे दोन गोष्टी हमखास सुटतात. शेड घराच्या भिंतीला टेकवून एकपाखी केलेलं असेल तर वाऱ्याबरोबर येणारा पाऊस त्या भिंतीवर आपटून टिनांवर उतरतो. टिनांच्या वर जेवढी भिंत दिसते तिच्या निम्मं क्षेत्रफळ धरलंच पाहिजे. दुसरी गोष्ट म्हणजे घराच्या स्लॅबचा पाईप. तो शेडच्या टिनांवर सोडलेला असेल तर अख्ख्या स्लॅबचं पाणी तुमच्या पन्हळीच्या वाट्याला येतं. अशा वेळी हिशेब वाढवत बसण्यापेक्षा तो पाईप टिनांना टाळून सरळ खाली आणणं स्वस्त पडतं.

एक उदाहरण शेवटपर्यंत घेऊ. वीस बाय तीस फुटांचं एकपाखी शेड, म्हणजे 600 चौरस फूट. उंच बाजू घराला टेकलेली, वर दहा फूट भिंत, तीस फूट लांब. तिचे 300 चौरस फूट, निम्मे 150. एकूण 750 चौरस फूट. एक चौरस मीटरवर एक मिलीमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी, एवढं लक्षात ठेवलं की बाकी सगळं गुणाकार-भागाकारात सुटतं. तासाला 150 मिलीमीटरच्या वेगाने दर 100 चौरस फुटांवरून सेकंदाला जवळजवळ 0.4 लिटर पाणी येतं. आपल्या शेडचं झालं सेकंदाला 2.9 लिटर. पंधरा लिटरची बादली पाच सेकंदांत भरेल एवढी धार. ही धार एकाही ठिकाणी अडायला नको.

पहिली जागा पन्हळ. आपल्याकडे 160 मिलीमीटरचा पीव्हीसी पाईप उभा कापून अर्धा वापरायची पद्धत आहे आणि ती चांगली आहे. असा अर्धा पाईप एका टोकाला उतार दिल्यावर सेकंदाला साधारण दोन लिटर पाणी नेतो. 110 चा अर्धा पाईप 0.8 च्या आसपासच नेतो, म्हणजे तो दोनशे चौरस फुटांच्या शेडला ठीक. आपल्या 2.9 लिटरला 160 चा अर्धाही एका टोकाने पुरत नाही. पण पन्हळीचा मध्य उंच ठेवून दोन्ही टोकांना उतार दिला आणि दोन्हीकडे पाईप उतरवले, तर प्रत्येक बाजूला दीड लिटरच येतं आणि काम भागतं. वेल्डरकडून पत्र्याची चौकोनी पन्हळ वाकवून घेतली, सहा इंच रुंद आणि चार इंच खोल, तर ती अर्ध्या 160 पाईपच्या दुपटीच्या आसपास पाणी नेते. खर्च जास्त आणि काही वर्षांनी गंज, हा तिचा तोटा.

पन्हळ टांगताना दोरी धरूनच टांगा. दोनशे फुटांना एक फूट एवढा उतार हवा, तीस फुटांत तो पावणेदोन इंच होतो. जास्त उतार दिला तर वरच्या टोकाला टिन आणि पन्हळ यांच्यात मोठी फट राहते आणि जोराचं पाणी पन्हळीच्या डोक्यावरून उडी मारतं. टिनाची कड पन्हळीत दोनेक इंच आत आली पाहिजे. पट्ट्या दोन-अडीच फुटांवर, कारण पाण्याने भरलेली पन्हळ जड होते आणि मध्ये झोळ पडला की तिथे कचरा बसतोच. आणि एक गोष्ट वेल्डरला उभं राहून सांगावी लागते: पन्हळीची बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा अर्धा-पाऊण इंच खाली ठेव. कितीही हिशेब केला तरी कधी तरी त्याहून जोराची सर येणारच. तेव्हा पन्हळ बाहेरच्या बाजूला सांडावी, आत पोत्यांवर नव्हे.

आता पाईपच्या तोंडापाशी या. सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. भर पावसात छत्री घेऊन पन्हळीच्या तोंडापाशी उभं राहून बघा. पाणी गोल फिरत आत उतरतं, मधोमध हवेचा भोवरा असतो, पन्हळ काठोकाठ भरून बाहेर सांडत असते. आणि त्याच वेळी खालच्या उभ्या पाईपवर बोटाने टिचकी मारली तर तो पोकळ वाजतो. पाईप अर्ध्याहून अधिक रिकामा आहे! चाडीतून बाटलीत तेल भरताना घाई केली की चाडी वरून सांडते आणि बाटली रिकामीच असते, तसा हा प्रकार. उभ्या पाईपात पाणी पडायला लागलं की त्याला कसलीच अडचण नसते. अडचण आत शिरण्याची असते. तोंडाच्या काठावरून पाणी किती उंचीने आत ओसंडतं यावर सगळं अवलंबून. उथळ पन्हळीत ती उंची फारच कमी मिळते.

म्हणूनच संहितेच्या तक्त्यातले आकडे पहिल्यांदा पाहणाऱ्याला फार लहान वाटतात. तासाला 100 मिलीमीटर धरलं तर 75 मिलीमीटरचा उभा पाईप सुमारे 220 चौरस फुटांना पुरतो आणि 100 मिलीमीटरचा 460 चौरस फुटांना. 150 धरलं तर हेच आकडे 146 आणि 307 वर येतात. 125 चा पाईप 576 आणि 150 चा पाईप 900 चौरस फुटांना पुरतो. आपल्या 750 चौरस फुटांना 100 चे दोन पाईप लावले तरी 614 च होतात, म्हणजे कागदावर तिसरा पाईप लागतो.

तिसरा पाईप टाळायचा उपाय आहे. पन्हळीच्या टोकाला थेट पाईप न जोडता एक पेटी बसवा: पत्र्याची किंवा पीव्हीसीची, साधारण आठ इंच लांब-रुंद आणि सहा इंच खोल, पाईप तिच्या तळातून निघेल अशी. पेटीत पाणी तीन-चार इंच चढलं की त्याच्या दाबाने तेच चार इंची तोंड कितीतरी पट पाणी घेतं आणि पन्हळीला ओढ मिळते. तिच्या बाहेरच्या भिंतीला, पन्हळीच्या तळापेक्षा जरा खाली, एक खाच ठेवा. खाली कुठे तुंबलं तर पाणी तिथून बाहेर पडेल आणि तुम्हाला जमिनीवरून दिसेलही. अशी पेटी असेल तर आपल्या शेडला चार इंची, म्हणजे 110 चे, दोन पाईप बिनधास्त पुरतात. सहा इंची पाईपच्या किमतीत दोन पेट्या आरामात होतील.

तोंडावर सपाट जाळी लावू नका. आवारात कडुनिंब असेल तर मार्च-एप्रिलच्या पानगळीत आणि मग अवकाळी वाऱ्यात एवढी बारीक पानं येतात की सपाट जाळीवर त्यांचा थर एका सरीत बसतो. गारपिटीत तर गाराच जाळी बंद करतात. मोठ्या भोकांची, घुमटासारखी वर उठलेली जाळी घ्या. खाली पानं साचली तरी वरून पाणी जात राहतं.

उभा पाईप खाली आला की तो सरळ जमिनीत घुसवू नये. तळाशी 90 अंशाचा एकच बेंड देण्याऐवजी 45 चे दोन द्या, नाहीतर निदान झाकण असलेला डोअर बेंड घ्या म्हणजे काठी घालून साफ करता येतो. माझी पसंती मात्र विटांच्या चेंबरला. दीड फूट लांब-रुंद चेंबर, बाहेर जाणाऱ्या पाईपच्या तळापेक्षा सहा-आठ इंच खोल. टिनांवरची धूळ, कबुतरांची घाण, पानं, गारांबरोबर आलेला कचरा सगळं तिथे खाली बसतं. झाकण एका माणसाला उचलता यावं, नाहीतर ते कधीच उघडलं जात नाही.

यापुढे जमिनीखालचा आडवा पाईप. याचा हिशेब उभ्या पाईपपेक्षा वेगळा, कारण इथे पाण्याला फक्त उतार पुढे ढकलतो. आणखी एक आयरिश अभियंता, रॉबर्ट मॅनिंग, यांनी 1889 मध्ये मांडलेलं सूत्र यासाठी वापरतात. सूत्र राहू द्या, निकाल सांगतो. शंभराला एक उतार दिला तर 75 मिलीमीटरचा पीव्हीसी पाईप पूर्ण भरून सेकंदाला सुमारे अडीच लिटर नेतो, 90 चा चार, 110 चा पावणेसात आणि 160 चा अठरा. आपले 2.9 लिटर 75 मध्ये बसत नाहीत. 90 मध्ये बसतात, पण गाळ आणि पानं यांना जागा राहत नाही. 110 अर्ध्यापेक्षा कमी भरतो. म्हणजे 110 हेच माप योग्य. दोन्ही उभ्या पाईपांचं पाणी एकाच आडव्या पाईपात घेतलं तरी चालतं.

पण हे शंभराला एक उताराचं झालं. उतार निम्मा केला, दोनशेला एक, तर 110 चा पाईप पावणेपाच लिटरवर येतो. मध्ये कुठे पाईप सपाट झाला किंवा उलटा चढला तर त्या जागी गाळ बसतो आणि दोन पावसाळ्यांत चार इंचीचा दोन इंची होतो. दहा फुटांच्या नगाला सव्वा इंच उतार, चाळीस फुटांना पाच इंच. हा नजरेने येत नाही. मिस्त्रीकडे पारदर्शक नळीची लेव्हल असते, ती वापरायला लावा आणि प्रत्येक नगाच्या दोन्ही टोकांना मोजा. वळचणीचं पाणी आढ्याला जात नाही. पाणी सोडायची जागा चेंबरपेक्षा पुरेशी खाली नसेल तर सहा इंची, आठ इंची कसलाही पाईप घालून उपयोग नाही. अशा वेळी पाईप जमिनीत पुरण्यापेक्षा वरून उघडी, फरशी लावलेली नाली काढणं शहाणपणाचं. ती दिसते, साफ होते आणि कमी उतारातही चालते.

आता काळ्या मातीकडे. आपली कपाशीची जमीन पाणी प्याली की फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. या हालचालीत पुरलेला पाईपही हलतो. सोल्युशन लावून पक्का चिकटवलेला सांधा ही ओढाताण सहन करत नाही, तो तडकतो किंवा शेजारचा पाईप फुटतो. मे महिन्यात सांधा उघडतो, ते कोणालाच दिसत नाही. जूनचा पहिला पाऊस येतो आणि सगळ्या टिनांचं पाणी त्या सांध्यातून भेगेत, भेगेतून जोत्याखाली जातं. एका कोपऱ्याखालची माती फुगते, बाकीची कोरडीच असते, आणि भिंत तिरकी फाटते. जोत्याजवळ गळणारा पाईप हा पाईप नसण्यापेक्षा वाईट. पागोळ्या निदान सगळीकडे सारख्या पडतात, गळका पाईप सगळं पाणी एकाच जागी ओततो.

म्हणून जमिनीखाली रबर रिंगचे सांधे असलेले पाईपच घ्या. रिंगच्या सांध्यात पाईप थोडा पुढे-मागे सरकू शकतो. चर पाईपपेक्षा फूटभर रुंद खोदा, तळाला चार इंच रेती किंवा बारीक मुरूम टाकून दाबा, त्यावर पाईप पूर्ण लांबीने टेकवा, बाजूंनी आणि वर चार इंचांपर्यंत पुन्हा रेतीच भरा. खोदून काढलेली काळी ढेकळं त्याच्या वर. उतार जुळवायला पाईपखाली विटांचे तुकडे ठेवायची सवय फार आहे, ती मोडा. वीट तिथेच राहते, आजूबाजूची माती खचते आणि पाईप विटेवर वाकतो. वर निदान दीड फूट माती असावी. ट्रॅक्टर जाणार असेल तर दोन-अडीच फूट, नाहीतर पाईपभोवती काँक्रीट. भिंतीतून किंवा पायव्यातून पाईप जात असेल तर तिथे आधी मोठ्या पाईपचा तुकडा बसवा आणि त्यातून हा मोकळा जाऊ द्या. भिंत आणि जमीन वेगवेगळ्या हलतात, पाईप दोघांच्या कचाट्यात सापडायला नको. आणि चेंबर जोत्याला चिकटून बांधू नका. जोत्याभोवती तीन फुटांची फरशी बाहेरच्या बाजूला उतार देऊन केली तर निम्मी काळजी मिटते.

पाणी सोडायचं कुठे? नगर परिषदेची नाली शेजारून जात असेल तर तिची भर पावसातली पातळी बघून घ्या. नाली भरून वाहते त्या पातळीच्या वर आपल्या पाईपचं तोंड असलं पाहिजे, नाहीतर नालीचंच पाणी कोठ्यात येईल. सेप्टिक टँकमध्ये पावसाचं पाणी कधीही सोडू नये. एका सरीत टाकी भरते, बसलेला गाळ ढवळून वर येतो आणि तो घाण लोंढा आवारात पसरतो. शेजाऱ्याच्या धुऱ्यावर धार सोडली की भांडण ठरलेलं.

शोषखड्ड्याबद्दल मात्र सावध करतो. सांडपाण्यासाठी नांदेड पॅटर्नचे शोषखड्डे गावोगाव झाले आणि त्यांनी डास कमी केले, ते काम उत्तम आहे. पण ते घरातल्या रोजच्या थोड्या थोड्या पाण्यासाठी आहेत. चार फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा दगडांनी भरल्यावर त्यात पाण्याला जागा उरते साधारण सातशे लिटरची. आपल्या शेडवरून पंधरा मिनिटांच्या 25 मिलीमीटर पावसात सतराशे लिटर येतात. काळ्या मातीत पाणी मुरण्याचा वेग इतका कमी की खड्डा भरला की भरलाच. खड्डा करायचाच असेल तर काळी माती ओलांडून मुरूम लागेपर्यंत खोदा, जोत्यापासून पंधरा फूट तरी दूर ठेवा आणि भरल्यावर पाणी बाहेर जाईल असा पाईप त्याला द्या.

विहीर किंवा बोअर जवळ असेल तर टिनांवरचं पाणी तिथे उतरवणं हा मला सगळ्यात पटणारा मार्ग. नुसत्या 600 चौरस फुटांच्या टिनांवरून, वर्षाला 900 मिलीमीटर पाऊस आणि थोडी घट धरून, चाळीस हजार लिटरच्या वर पाणी मिळतं. एका गाईला दिवसाला पन्नास लिटर धरले तर दोन गाईंचं वर्षभराचं पिण्याचं पाणी. ते सगळं साठवणं शक्य नाही, पण जमिनीत उतरवणं शक्य आहे. अट एवढीच की पाणी फक्त टिनांवरचं असावं, कोठ्याच्या फरशीवरचं शेण-मूत्र त्यात मिसळू नये. विहिरीच्या आधी मोठी गिट्टी, बारीक गिट्टी आणि वर रेती असा गाळण्याचा खड्डा हवा. चेंबरच्या आधी एक टी आणि झडप बसवून हंगामाच्या पहिल्या एक-दोन सरींचं पाणी बाहेर सोडून द्या. उन्हाळाभराची धूळ आणि पक्ष्यांची घाण त्यातच असते.

खरेदीला जाताना इंचात बोलू नका. ‘तीन इंची’ म्हटलं तर एका दुकानात 75 मिलीमीटरचा पाईप हातात पडतो, दुसऱ्यात 90 चा. मिलीमीटरमध्ये मागा आणि पाईपवर छापलेलं वाचा. सांडपाण्याच्या एसडब्ल्यूआर पाईपांचं मानक आयएस 13592 आहे. त्यातला ए प्रकार पातळ, पावसाच्या उभ्या पाईपला चालणारा. बी प्रकार जाड. जमिनीखाली बी प्रकार घ्या, तिथे काटकसर करू नका. उन्हाचाही विचार हवा. हिवाळ्यातल्या पहाटेपासून मे महिन्यातल्या तापलेल्या भिंतीपर्यंत पाईपच्या तापमानात पन्नास अंशांचा फरक सहज पडतो आणि वीस फुटांचा पीव्हीसी पाईप तेवढ्याने जवळजवळ दोन सेंटिमीटर लांबतो. म्हणून रिंगच्या सांध्यात पाईप पूर्ण ठोकून बसवल्यावर अर्धा इंच मागे ओढायचा आणि क्लॅम्प गच्च आवळायचे नाहीत. थेट उन्हातल्या पाईपला रंगाचा हात दिला तर तो लवकर ठिसूळ होत नाही.

सगळं बसलं की चर बुजवण्याआधी चाचणी घ्या, मृगाच्या आधी. दोनशे लिटरचा ड्रम भरून चेंबरपाशी आणा आणि मिनिटभरात त्यात ओता. हा वेग सेकंदाला सव्वातीन लिटर होतो, आपल्या हिशेबापेक्षा थोडा जास्तच. चेंबरमधलं पाणी पाईपच्या वर चढून बसलं तर पुढे कुठे तरी उतार गेला आहे, आणि तो आत्ता सापडेल, जुलैत नाही. मग प्रत्येक सांध्याखालची रेती हाताने चाचपा. ओली लागली तर तिथली रिंग दुमडली आहे, तो नग काढून पुन्हा बसवा. हे झाल्यावरच माती लोटा. त्यानंतर वर्षातून दोनदा, मृगाआधी आणि पोळ्याच्या सुमारास, शिडी लावून पन्हळीतली पानं काढायची आणि चेंबरचा गाळ उपसायचा.